साहेबरावांची जागा

प्रणयचा फोन आला तेव्हा मंजुषा दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत होती.

"ताई, मास्तरांसाठी कार्यक्रम ठरलाय. येत्या रविवारी संध्याकाळी, हर्सूलला, शाळेच्या हॉलमध्ये. सगळे जुने विद्यार्थी वाजवणार आहेत. तुम्ही सांडूकाकांना घेऊन याल ना? ड्रमवर त्यांच्याशिवाय कोण बसणार?"

"नाही जमायचं, प्रणय."

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येत चांगली आहे." तिनं शेजारच्या टेबलाकडं पाठ केली आणि आवाज खाली आणला. "त्यांना माहीतच नाही, साहेबकाका गेले ते."



खरं म्हणजे सांडूकाकांना, तिच्या बाबांना, ते दोनदा माहीत झालं होतं. दिवाळीनंतर साहेबराव मास्तर हृदयविकारानं गेले, त्याच दिवशी मंजुषानं बाबांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं. बाबा असे रडले की तिला त्यांच्या छातीची भीती वाटली. जेवण सोडलं. मग एका सकाळी उठले, दाढी केली आणि म्हणाले, "साहेबरावाला फोन लाव गं. आज क्लास हाय ना?" तिनं पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तेवढेच रडले, पहिल्यांदा ऐकल्यासारखे. त्यांच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. त्यानंतर तिची हिंमत झाली नाही. "काका पुण्याला गेलेत, लेकीकडं," असं ती म्हणू लागली. बाबांना तेवढं पुरायचं. थोड्या वेळानं ते पुन्हा विचारायचे.

सांडू हिवराळे आणि साहेबराव दाभाडे, दोघं पिशोर गावचे. एकाच बँडमध्ये लग्नं वाजवत मोठे झाले. साहेबराव क्लॅरिनेटवर, सांडू साइड ड्रमवर. मग शहरात आले. लेणी बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी इथल्या एका मोठ्या हॉटेलात संध्याकाळी बँड वाजायचा. तिथं डिमेलो नावाचे गोव्याचे एक म्हातारे पियानोवर असायचे. त्यांनी या दोघांना जॅझ शिकवलं. साहेबरावांनी सॅक्सोफोन उचलला तो शेवटपर्यंत. जॅझमध्ये बसवलेली धून सगळ्यांनी मिळून एकदा वाजवायची, मग एकेकानं त्या क्षणी सुचेल ते वाद्यावर बोलायचं आणि बाकीच्यांनी त्याला सांभाळून घ्यायचं. बँडवाल्याला कुणी आपल्या मनचं बोल म्हणतं, हेच साहेबरावांना केवढं तरी वाटलं होतं.

हॉटेलानं बँड बंद केला तेव्हा त्यांनी हर्सूलच्या घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला. इथं जॅझ कोण शिकणार, असं जो तो म्हणाला. पण रिक्षावाल्याचा पोरगा आला, एक डॉक्टरीणबाई आल्या, पोलीस बँडातले दोघं आले. फुलंब्रीहून रोज एसटीनं कॉलेजला येणारी राजनंदिनी आली आणि क्लासमधला जुना सॅक्सोफोन घेऊन बसली. कुणी पाठ केलेलं घडाघडा वाजवलं की मास्तर म्हणायचे, "हे झालं शाळेतलं. आता आईशी भांडता तसं वाजवा." पोरं हसायची, आणि मग खरंच तसं वाजवायची.

रविवारी ड्रमवर बाबा असायचे. क्लास संपताना दोघांचा सवाल-जवाब व्हायचा. साहेबराव सॅक्सोफोनवर एक वाक्य बोलून थांबायचे. बाबा ड्रमवर त्याचं उत्तर द्यायचे आणि थांबायचे. मग पुन्हा साहेबराव. कधी ते भांडण असायचं, कधी नुसती थट्टा. एकदा तर दोघं इतके हसले की वाजवणंच बंद पडलं.

बाबांचं विसरणं वाढलं तसं बाकी सगळं सुटत गेलं, पण ड्रमवर बसले की हात चुकत नसत. साहेबराव स्वतः रिक्षानं भावसिंगपुऱ्यात घरी येऊन त्यांना घेऊन जायचे. साहेबराव वारल्यावर मात्र एके दिवशी मंजुषा कामावर असताना बाबा पांढरा सदरा घालून, बँडचा काळा बो टाय लावून घराबाहेर पडले आणि चालत थेट त्या जुन्या हॉटेलाच्या गेटवर जाऊन उभे राहिले. वॉचमननं त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून फोन केला. त्या दिवसापासून मंजुषा बाहेरून कुलूप घालून कामावर जायची. किल्ली शेजारच्या मालनबाईंकडं असायची, आणि दिवसभर मंजुषाचं अर्धं लक्ष फोनकडं.

प्रणयला नाही म्हटल्यावर दोन दिवसांनी मनकर्णाबाई, साहेबरावांच्या बायको, स्वतः दारात आल्या. थंडीची शाल, हातात पिशवी. हर्सूलहून एकट्याच आल्या होत्या.

"यांच्या जलदानविधीला तू भावजींना आणलं नाहीस," त्या पाटावर बसत म्हणाल्या. "मी कायबी म्हनले नाय. पर आता आण."

"काकू, तिथं फोटो असणार, हार असणार. त्यांना तिथंच कळलं तर? एवढ्या लोकांसमोर?"

"हार घालू देत नाय मी. पाटीवर नावाआधी कालकथित लिहू देत नाय."

"आणि भाषणं?"

"बोलनारे एकच हायेत, क्लासातले इंद्रजीतसर. त्यांना बी सांगते."

"पण कशासाठी एवढं? ते घरी राहिले तर काय बिघडणार आहे?"

मनकर्णाबाईंनी आतल्या खोलीकडं बघितलं. "मला पाहिजेत ते तिथं," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात बाबा बाहेर आले. वहिनींना बघून त्यांचा चेहरा उजळला. "वहिनी! साहेबराव कुठं हाय?"

 मंजुषानं काकूंकडं बघून नकारार्थी मान हलवली.

"गेलेत," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"पुण्याला व्हय?"

त्यांनी खांद्यावरची शाल सारखी केली. "चहा घेता का भावजी? मंजू, टाक गं चहा."

मंजुषानं चहा टाकला. काकू खोटं बोलल्या नव्हत्या आणि खरंही बोलल्या नव्हत्या. साहेबकाकांच्या बायकोला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं, तेही तिला कळेना. काकू जायला निघाल्या तेव्हा दारात तिनंच हळूच सांगितलं, "आणते."

रविवारपर्यंत तिला चैन नव्हतं. लॅबमध्ये तिनं एक तपासणी दोनदा केली. कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येकाला फोन करून सांगावं असंही तिच्या मनात आलं. पण कोण येणार तेच माहीत नव्हतं. साहेबरावांना अर्धं शहर ओळखत होतं. त्यातल्या एकानं जरी "फार वाईट झालं" म्हटलं, तर?

रविवारी दुपारपासूनच बाबा तयार होऊन बसले. त्यांना बो लावून देताना तिनं विचारलं, "बाबा, दमलात तर लगेच निघू हं आपण. मला सांगायचं."

"मी कशाला दमतो? साहेबराव येनार ना?"

"बघू," ती म्हणाली.

हर्सूलला रिक्षातून उतरल्या उतरल्या तिनं आधी हॉलमध्ये डोकावून बघितलं. स्टेजच्या कडेला टेबलावर साहेबरावांचा फोटो होता, सॅक्सोफोन छातीशी धरून हसणारा. हार नव्हता. पण कुणीतरी समोर मेणबत्त्या लावल्या होत्या. तिनं बाबांना पलीकडच्या बाजूनं नेऊन ड्रमजवळच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्या समोर अशी उभी राहिली की टेबल दिसू नये.

हॉल भरत होता. माणसं हात जोडून, डोळे ओले करून बाबांकडं येत होती. पोलीस बँडातला एकजण पुढं झाला, "काका, आपले मास्तर..." तेवढ्यात मंजुषानं त्याचा दंड धरला आणि त्याला बाजूला नेऊन कानात सांगितलं. तो ओशाळून मागं गेला. मग एक बाई, मग आणखी दोघं. तिच्या पाठीला घाम फुटला होता. बाबा मात्र खुशीत होते. एवढी माणसं कितीतरी दिवसांनी भेटत होती.

सगळ्यांनी उभं राहून बुद्धवंदनेतलं त्रिसरण-पंचशील म्हटलं. बाबांनी एकही शब्द न चुकता म्हटलं. मग इंद्रजीतसर बोलायला उठले. निवृत्तीनंतर ते मास्तरांकडं पियानो शिकायला आले होते. काकूंनी त्यांना बजावलं होतं, त्यामुळं बिचारे प्रत्येक वाक्याला अडखळत होते. "मास्तर शिकवायचे... म्हणजे मास्तरांचं शिकवणं असं आहे, की..." पुढं ते साहेबरावांच्या हसण्याबद्दल बोलू लागले. सावध राहायचं ते विसरले. "आज मास्तर आपल्यात नाहीत," ते म्हणाले.

मंजुषानं डोळे मिटले.

"उशीरच करतंय ते!" बाबांचा मोठा आवाज आला. "तुम्ही सुरू करा हो. येतंय ते."

मागं दोघं-तिघं हसले.  प्रणय घाईघाईनं माईककडं गेला आणि म्हणाला, "आता आपण वाजवायला घेऊ या."

बाबा ड्रमवर बसले. प्रणय गिटारवर, इंद्रजीतसर पियानोवर, पुढं राजनंदिनी सॅक्सोफोन घेऊन. तिचे ओठ कोरडे पडले होते. ती सारखी जीभ फिरवत होती. बाबांनी काठ्या एकमेकींवर आपटून लय दिली आणि धून सुरू झाली, क्लासच्या शेवटी वाजायची तीच. मंजुषा पहिल्या रांगेत बसली. बाबांचे हात असे चालले होते की जणू मधले सगळे दिवस गेलेच नव्हते. तिला वाटलं, निभावतंय. एवढं एक झालं की त्यांना घेऊन निघायचं.

धून संपली. पियानो आणि गिटार थांबले. क्लासमध्ये इथून पुढं सवाल-जवाब असायचा, आणि त्यातलं पहिलं वाक्य मास्तरांचं. ती जागा कुणी घ्यायची, हे तालमीत कुणी बोललंच नव्हतं. राजनंदिनीनं सॅक्सोफोन तोंडापासून दूर केला. प्रणयनं तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली.

बाबा ड्रमच्या झांजेवर हलकी लय धरून होते. डाव्या बाजूला, जिथं साहेबराव उभे राहायचे तिकडं, त्यांनी मान कलती केली होती. ऐकत होते. मग हसले, आणि ड्रमवर खणखणीत उत्तर दिलं. पुन्हा झांज, हलकी. पुन्हा मान डावीकडं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्या झांजेशिवाय काही वाजत नव्हतं. समोर बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं की आत्ता मास्तर बोलले असते. दुसऱ्या उत्तराला बाबा खट्याळ झाले, ठोका मुद्दाम उशिरा टाकला, साहेबरावांना चिडवायला टाकायचे तसा. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला.

तिसऱ्यांदा ते हसले नाहीत. मान कलती केली, वाट बघितली, मग डावीकडं नीट वळून बघितलं. तिथं कुणी नव्हतं. त्यांनी दाराकडं बघितलं. लय डळमळली, आणि थांबली.

"साहेबराव कुठं हाय?"

मंजुषा उठली. पण तिच्या आधी मनकर्णाबाई स्टेजच्या पायऱ्या चढल्या होत्या. त्यांनी ड्रमच्या पलीकडून बाबांचा हात धरला. माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू आलं.

"भावजी, ते वारले."

"कधी?"

"दिवाळी झाल्यावर."

"मला कुनी सांगितलं नाय."

"सांगितलं. पोरीनं दोनदा सांगितलं. तुमच्या ध्यानात राहत नाय."

बाबांनी मंजुषाकडं बघितलं. आपल्या मुलीला खरं-खोटं विचारणारा तो चेहरा तिला बघवला नाही, पण तिनं मान हलवून हो म्हटलं. मग बाबांच्या हातातून काठ्या खाली पडल्या आणि ते रडायला लागले, तसेच, घर हलवून टाकतील असे. मनकर्णाबाई त्यांच्या शेजारी खाली बसल्या आणि त्याही रडायला लागल्या, मोठ्यानं, पदर तोंडाला न लावता.

मंजुषा संतापून स्टेजवर पोचली. "काकू, हेच नको होतं मला. हेच! आता त्यांचं बीपी वाढेल, जेवण सोडतील, परवा विसरतील आणि पुन्हा..."

मनकर्णाबाईंनी वर बघितलं. "मंजू, जलदान झालं आनि जो तो आपल्या कामाला लागला. लागायलाच पाहिजे. लेक पुण्याला गेली. आता कुनी घरी आलं तर यांच्या गोष्टी सांगतंय, हसतंय. चांगलंच हाय ते. पर मला रोज सकाळी ते आजच गेल्यावानी वाटतंय. आजच. तसं वाटनारं दुसरं कोन हाय या गावात? भावजी एकलेच हायेत."

"म्हणून त्यांना रडवायचं?"

 "चुकलं आसंल माझं," काकू म्हणाल्या. पण बाबांचा हात त्यांनी सोडला नाही.

हॉलमध्ये लोकांना उठावं की बसावं ते कळेना. मंजुषानं बाबांच्या मनगटावर बोटं ठेवली, नाडी जोरात चालली होती. तिनं पर्समधून पाण्याची बाटली काढून त्यांना दोन घोट पाजले. हळूहळू त्यांचा श्वास खाली आला. राजनंदिनी एवढा वेळ तिथंच उभी होती. ती गुडघ्यांवर बसली आणि खाली पडलेल्या काठ्या उचलून म्हणाली, "काका, मी घेऊ का? त्यांची जागा?"

"घरी जाऊ या बाबा," मंजुषा म्हणाली.

बाबांनी त्या पोरीकडं बघितलं. नाक पुसलं. "घे की," ते म्हणाले. "तवाच घ्यायची व्हती."

त्यांनी वाजवलं. ते चांगलं झालं असं म्हणता येणार नाही. राजनंदिनी घाबरून एकाऐवजी दोन-तीन वाक्यं एका दमात बोलून गेली, तिचा सूर फाटला. बाबांचं उत्तर उशिरा आलं आणि मध्येच तुटलं. दुसऱ्या खेपेला ती हळू वाजवू लागली, तेव्हा बाबांनी तिच्याकडं मान कलती केली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मंजुषा त्यांच्या खुर्चीच्या मागं उभी होती, त्यांच्या पाठीवर नजर ठेवून, आता पडतील की मग या भीतीनं. टाळ्या वाजल्या तेव्हासुद्धा ती तशीच उभी होती.

 परतताना रिक्षात, टीव्ही सेंटरचा चौक मागं पडला तेव्हा बाबांनी डोळे चोळले.

"डोळे का झोंबतेत गं माझे?"

गार वारा लागतोय, असं तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते बाहेर येऊ दिलं नाही. "तुम्ही रडलात, बाबा."

"कशापायी?"

"साहेबकाकांच्या आठवणीनं."

बाबांनी रस्त्याकडं बघत मान डोलावली. "मानूसच तसा," ते म्हणाले. पुढं काही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही, आणि घर येईपर्यंत त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

रात्री ते अर्धीच भाकरी जेवले, पण जेवले.

बुधवारी मनकर्णाबाईंचा फोन आला. "मी उद्या येऊन बसू का भावजींजवळ? तू कामावर आसतेस तवा?"

मंजुषाला लगेच हो म्हणवेना. "काकू, त्यांना पुन्हा सांगू नका."

"मी आपनहून नाय सांगनार. पर इचारलं तर खोटं बोलनं जमनार नाय मला, मंजू. बायको हाय मी त्यांची."

मंजुषानं डोळे मिटून कपाळ चोळलं. मग म्हणाली, "या."

गुरुवारी लॅबमध्ये तिचं चित्त लागेना. मालनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मघा आतून आवाज येत होता, कसला ते कळलं नाही, आता सगळं शांत आहे. ते "शांत" ऐकून मंजुषा आणखीच घाबरली. डोकं दुखतंय असं सांगून लवकर निघाली आणि रिक्षावाल्याला दोनदा म्हणाली, जरा लवकर घ्या भाऊ.

दार नुसतं लोटलेलं होतं. ती धावतच आत गेली.

खाटेवर मनकर्णाबाई भिंतीकडं तोंड करून झोपल्या होत्या. अंगावर बाबांची गोधडी. बाबा खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसले होते. मंजुषाला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते कुजबुजले. "वहिनीला झोप लागलीय. लई दिवसांनी लागली म्हनती."

तिनं त्यांच्या डोळ्यांकडं निरखून बघितलं. ते लाल होते की संध्याकाळच्या उजेडानं तसे दिसत होते, ते तिला ठरवता येईना. आज त्यांनी विचारलं होतं का, काकूंनी सांगितलं होतं का, तेही कळायला मार्ग नव्हता. विचारावं असं वाटलं, पण तिनं विचारलं नाही. चपला हातात घेऊन ती पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेली आणि तिघांच्या अंदाजानं पीठ काढायला लागली.